पाचवा सामना

अमेरिकन फुटबॉलमध्ये फळीत खेळणाऱ्या पोराच्या हाती चेंडू कधी लागत नाही. समोरच्या धटिंगणाला ढकलायचं, मागच्याला वाट करून द्यायची, आणि तो चेंडू घेऊन पळाला, त्याला टाळ्या मिळाल्या, की उठून अंगावरची माती झटकायची. भोंग्यावरून फळीतल्या पोराचा नंबर पुकारला जातो तो त्याच्या चुकीमुळे दंड बसला तरच. तरीही फळीतल्या पाच जागांसाठी दरवर्षी पोरं जिवावर उदार होतात. कॉर्विन हॅडिक्सवर ती वेळ आली नाही. त्याआधीच तो मैत्रीवर उदार झाला.

कॉर्विन केंटकीच्या डोंगरातल्या पायनी फोर्कचा. शिष्यवृत्ती घेऊन कॉलेजात फुटबॉल खेळायला गेलेला त्या गावचा पहिलाच पोरगा, त्यामुळे तो निघाला तेव्हा पेट्रोल पंपाच्या पाटीवर कोल्ड्रिंकच्या भावाखाली त्याचं नाव लागलं होतं. आई शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. पोरांच्या ताटात बटाटे वाढता वाढता तिने अख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं, पहिल्याच वर्षी टीव्हीवर दिसेल बघा. आपलं पोर मोठं होतंय या आनंदात आया काय काय बोलून जातात आणि निस्तरायचं मात्र पोराला असतं. नाताळात न खेळता घरी जायचं, तर त्या पंपासमोरून गाडी न्यायची कशी, हीच कॉर्विनची खरी धास्ती होती.

केल्सो स्टेटच्या वसतिगृहात त्याच्या खोलीत टोमासी सेउली आला. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा, सामोअन घरातला, सतरा वर्षांचा. सतरा वर्षांचा खरा, पण दाराच्या चौकटीत उभा राहिला की पलीकडचा उजेड बंद. दोघंही डाव्या गार्डच्या, म्हणजे फळीतल्या मधल्याच्या लगेच डावीकडच्या जागेवर खेळणारे. एकाच जागेवर डोळा असलेल्या दोघांना एकाच खोलीत ठेवायचं हे फळीचे कोच हॅगर्टी यांचं डोकं. बैठकीच्या खोलीत त्यांनी भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवून घेतलं होतं, ‘पाच बोटं, एक मूठ’. खाली बसलेली पोरं मात्र अठरा होती, आणि उरलेल्या तेराजणांनी काय व्हायचं ते भिंतीवर लिहिलेलं नव्हतं.

तरी दोघांचं जमलं. कॉर्विनचं वजन कमी, म्हणून त्याला दिवसातून सहा वेळा जेवायची सक्ती होती. लोकांना वाटतं काय मजा आहे! मजा पहिला आठवडा. नंतर अंड्यांची परात समोर आली की घशाशी येतं. टोमासीचं जेवण कधीच आटोपलेलं असायचं, पण तो उठायचा नाही.

“चाव कमी, गिळ जास्त,” तो म्हणायचा.

“तुझं काय जातंय बोलायला. तू जन्मलास तोच ताटासकट.”

“आईला विचार. दाई पळून गेली होती म्हणतात. खा, कोर. अजून दोन राहिलीत.”

दर रविवारी टोमासीचं घर फोनवर गोळा व्हायचं. आजी प्रार्थना म्हणायची, मामा मधूनच खेळाच्या सूचना द्यायचा, आणि शेवटी आजी त्या गोऱ्या पोरालाही फोनसमोर बोलावून आशीर्वाद द्यायची. कॉर्विनला तिचा एक शब्द कळत नसे, पण तो मान खाली घालून उभा राहायचा. त्याला ते आवडायचं.

ऑगस्टच्या शेवटी चौथ्या वर्षाच्या ओलिंगरचा गुडघा सरावात मुरगळला. डावा गार्ड तोच. हॅगर्टींनी दोघा नव्या पोरांना खोलीत बोलावलं.

“महिना-दीड महिना तो नाही,” ते म्हणाले. “तुमच्यातला एक खेळेल. दुसरा रेडशर्ट घालून वर्षभर बसेल. कोण ते मैदानावर दाखवा. माझ्यापाशी रडायला येऊ नका.”

रेडशर्ट म्हणजे पहिलं वर्ष सामने न खेळता काढायचं. अभ्यास, सराव, जेवण सगळं चालू, आणि खेळायची चार वर्षं शाबूत. पहिल्या वर्षी चार सामन्यांपर्यंत उतरलं तरी चालतं. पाचव्या सामन्यात मात्र एका डावापुरतं, म्हणजे चेंडू एकदा सुटून थांबेपर्यंतच्या काही सेकंदांपुरतं जरी मैदानात पाऊल टाकलं, तरी ते वर्ष खर्ची पडलं. परत मिळत नाही. शहाणी पोरं बसतात, वाढतात, मग खेळतात. पण बसलेल्याचं नाव पंपावर लावत नाहीत.

समोरासमोरच्या सरावात कॉर्विन पहिल्या दिवसापासून मागे पडला. सगळा संघ कडं करून उभा, मध्ये एक फळीतला, एक बचावातला. टोमासी समोरच्याला असा अडवायचा की पोरं ओरडायची, “गाडी पार्क झाली रे!” कॉर्विन उभा राहिला की कुणी ओरडायचं नाही. बचावातल्या टिलरीने त्याला दोनदा उताणं पाडलं आणि वर हात देऊन उठवलं, ते जास्त लागलं.

कडेला उभं राहून बघता बघता एक दिवस कॉर्विनला टोमासीचा हात दिसला. डाव सुरू होण्याआधी फळीतले एक हात जमिनीला टेकवून वाकतात. चेंडू घेऊन पळायचा डाव असला की टोमासी पुढे रेटायच्या घाईने सगळा भार त्या हातावर टाकायचा, बोटं गवतात रुतायची. चेंडू फेकायचा डाव असला की मागे सरकायचं असतं, तेव्हा हात नुसता गवताला लागलेला. समोरच्याला हे कळलं तर पुढचा डाव त्याला आधीच हातात दिल्यासारखं. अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण टोमासीच्या अंगाकडे बघण्यातच सगळ्यांचा वेळ जायचा.

अशी खोड दिसली की सांगायची, हा फळीतला रिवाज. सरावानंतर बर्फाच्या टबात गळ्यापर्यंत बसायचं आणि ज्याने जे पाहिलं ते तोंडावर बोलायचं. जुनी पोरं यात भेद करत नसत. आपल्या जागेवर टपलेल्यालाही सांगत. भिंतीवरच्या मुठीपेक्षा त्या टबातलं बोलणं खरं होतं. त्या संध्याकाळी टोमासी शेजारच्या टबात दात वाजवत बसला होता. “आज काही दिसलं का रे माझं?” त्याने विचारलं.

“नाही,” कॉर्विन म्हणाला.

इथवर एक वेळ माफ करता आलं असतं. गप्प बसणारे सगळीकडेच असतात. पण दुसऱ्या दिवशी जेवणघरात तो आपली परात घेऊन टिलरीच्या टेबलावर गेला. थोडं हवापाण्याचं बोलला, आणि मग जाता जाता म्हणावं तसं म्हणाला, “सेउलीचा हात बघितलास का कधी?” आणि सगळं सांगितलं.

टिलरी हाडूक चोखता चोखता थांबला. “हे मला का सांगतोयस?”

“असंच.”

“असंच,” टिलरी म्हणाला. त्याने हाडूक ताटात टाकलं. “बरा आहेस रे तू.”

त्यानंतर टोमासीची दशा झाली. पळायचा डाव असला की टिलरी आधीच पायात शिरायचा, फेकायचा असला की बाजूने निसटायचा. हॅगर्टी गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होते. “सेउली! देवाने एवढा देह दिलाय तो काय फर्निचर म्हणून?” सगळे हसले. टोमासीही हसला, कारण हसलं नाही तर अजून हसतात.

रात्री तो खाटेवर बसून सरावाचं चित्रण पुन्हा पुन्हा बघत होता. “कोर, इकडे ये ना. तुझी नजर बरी आहे. माझं काय चुकतंय?”

कॉर्विन शेजारी बसला. पडद्यावर टोमासी वाकला, त्याचा हात गवतात रुतला. चित्र मागे नेलं, पुन्हा रुतला. दोघांचे खांदे एकमेकांना लागलेले होते.

“पाय हळू पडतायत,” कॉर्विन म्हणाला.

“पाय?”

“हो. पाय.”

टोमासीने मान डोलावली, दोरी काढली आणि बाहेर जाऊन दोरीवरच्या उड्या मारत बसला. तेवढा प्रचंड पोरगा वाहनतळावर दिव्याखाली उड्या मारतोय, आणि कॉर्विन खिडकीतून बघतोय. त्याला लाज वाटली. खूप वाटली. पण जागा जास्त हवी होती, म्हणून त्याने पडदा ओढला.

शुक्रवारी हॅगर्टींनी फळ्यावर डाव्या गार्डपुढे हॅडिक्स लिहिलं. टोमासीने त्याला सगळ्यांदेखत मिठी मारून उचललं. “सोड, साल्या, बरगड्या जातील,” कॉर्विन ओरडला. हसताना त्याचा आवाज चिरकला.

सामने सुरू झाले. कॉर्विन फार चांगला खेळला असं नाही. पण बुडवलंही नाही. त्याच्या आईने शाळेच्या जेवणघरात दूरचित्रवाणी संच लावून घेतला. तिसऱ्या सामन्यानंतर मात्र सरावात एक नवल झालं. टोमासीचा हात स्थिरावला. डाव कुठलाही असो, हात सारखाच. टिलरी त्याच्यावर आपटून परतू लागला. आणि टोमासी बोलेनासा झाला. भांडण नाही, टोमणा नाही, नुसतं कामापुरतं. टेबलावर तो आता कॉर्विनसाठी थांबत नसे. कॉर्विनने यातून एकच अर्थ काढला, हा आता माझ्या जागेवर येतोय. जो जसं करतो त्याला तसंच दिसतं. चौथ्या सामन्यापर्यंत त्याची झोप उडाली होती.

पाचव्या सामन्याच्या दोन दिवस आधी हॅगर्टींनी त्याला एकट्याला बोलावलं. ते फोनवर काहीतरी बघत होते.

“ओलिंगरचा गुडघा बरा आहे, म्हणतात. म्हणतात, कळलं ना? शनिवारी तो उतरेल. पण मला मागे एक माणूस तयार हवा. तुझे चार झाले. पाचवा झाला तर वर्ष गेलं तुझं. नको असेल तर सांग, सेउलीला तयार ठेवतो. त्याचे चारही शिल्लक आहेत.” त्यांनी मान वर केली. “पोरगा हल्ली चांगला दिसतोय, नाही?”

“मी आहे, कोच.”

“घरी विचार. घाई नाही.”

“विचारायचं काय त्यात? मी आहे.”

“बरं,” हॅगर्टी म्हणाले आणि पुन्हा फोनकडे वळले.

खोलीत आल्यावर त्याने टोमासीला सांगितलं. खरं तर सांगायचं नव्हतं, पण जिंकलेल्याला राहवत नाही. टोमासी पलंगावर पुस्तक घेऊन आडवा होता. त्याने पुस्तक छातीवर ठेवलं.

“नको उतरूस, कोर,” तो म्हणाला. “वर्ष वाचव. तुझी जागा कुणी घेत नाही.”

“तू नाही घेणार?”

“नाही.”

कॉर्विन हसला. ते हसू चांगलं नव्हतं. सरळ माणूस सरळ बोलला होता, पण कॉर्विनला त्यात डाव दिसला. मी बाजूला झालो की हा शिरणार, चांगला खेळणार, मग मला कोण विचारतो? टोमासीच्या जागी तो स्वतः असता तर त्याने नेमकं हेच केलं असतं, म्हणून त्याला खात्री होती.

“माझी काळजी तू नको करूस,” तो म्हणाला. टोमासीने पुस्तक पुन्हा तोंडासमोर धरलं.

शनिवारी ओलिंगर उतरला आणि घोड्यासारखा खेळला. कॉर्विन सगळा सामना शिरस्त्राण हातात धरून रेषेवर उभा होता. पहिला तास तो मनात म्हणत होता, पाठवा. मग त्याला आपल्या वर्षाची आठवण झाली आणि तो म्हणू लागला, नका पाठवू. संघ मोठ्या फरकाने पुढे होता. घड्याळात सेकंद उरले होते, त्याला वाटलं, सुटलो.

“ओलिंगर, ये बाहेर!” हॅगर्टी ओरडले. “हॅडिक्स, जा.”

“कोच...”

“जा, जा! उशिराचा दंड बसवतोस का?”

पाय आपोआप धावले. वर्षानुवर्षं कोच ‘जा’ म्हणाला की धावायचं एवढंच शिकवलेलं असतं. तो वाकला, हात टेकवला. सामना संपल्यात जमा होता. अशा वेळी चेंडू घेणारा नुसता गुडघा टेकतो आणि घड्याळ धावू देतो. समोरच्या संघातला दाढीवाला पोरगा त्याला म्हणाला, “हळू घे, भावा. संपलंय.” चेंडू आला, गुडघा टेकला, कुणी कुणाला ढकललंसुद्धा नाही. दाढीवाल्याने त्याच्या खांद्यावर थाप मारली. त्या थापेत एक वर्ष गेलं.

रविवारी चित्रणाच्या बैठकीनंतर कॉर्विन हॅगर्टींच्या दारात उभा राहिला. ओलिंगर आता हंगामभर खेळणार हे ठरलेलंच होतं.

“कोच, कालचा तो शेवटचा डाव... मला का पाठवलंत?”

“ओलिंगरचा गुडघा. उगाच कशाला धोका?”

“पण माझा पाचवा होता.”

हॅगर्टी क्षणभर गोंधळले. “पाचवा होता का? हां... हो की.” त्यांनी पेन खिशाला लावला. “पण तूच म्हणालास ना, मी आहे. कपडे घालून उभा होतास. चल, आता डोक्यात धरू नकोस. पुढच्या वर्षी मी तरी इथे असेन की नाही, कुणाला माहीत?”

कॉर्विन खोलीवर आला तेव्हा टोमासी बूट घासत होता. कॉर्विनला कुणावर तरी ओरडायचं होतं, आणि खोलीत एकच माणूस होता.

“झालं ना तुझ्या मनासारखं? माझं वर्ष गेलं. आता पुढच्या वर्षी तू ये आरामात, घे जागा!”

टोमासीने ब्रश खाली ठेवला. “मी या वर्षी खेळणारच नव्हतो, कोर.”

“म्हणजे?”

“शिष्यवृत्तीच्या कागदांवर सही करतानाच मामाने हॅगर्टींकडून कबूल करून घेतलं होतं. पोरगा लहान आहे, पहिल्या वर्षी एकही सामना नाही. एकही नाही. मे महिन्यातच ठरलं होतं.”

कॉर्विन खुर्चीवर बसला. “मग ती चुरस? ते सगळं?”

“तुझ्यातला जोर बाहेर काढायला. मला म्हणाले, जागा हवी असल्यासारखा खेळ, आणि हॅडिक्सला बोलू नकोस, त्याच्या भल्याचं आहे.”

“आणि तू बोलला नाहीस! एका खोलीत राहून!”

“बोलणार होतो,” टोमासी म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, हीच पंचाईत होती. “मला तुझं बघवत नव्हतं. खात नव्हतास, झोपत नव्हतास. तिसऱ्या सामन्यानंतर रविवारी घरच्यांचा फोन झाला की सांगायचं, असं ठरवलं होतं. शनिवारी रात्री टिलरीने मला बाजूला घेतलं. म्हणाला, हात सांभाळ तुझा. आणि कुणी दाखवला तेही सांगितलं.”

कॉर्विन खुर्चीवरून अर्धवट उठला आणि परत बसला.

“मी वाहनतळावर उड्या मारत होतो,” टोमासी म्हणाला. “पाय हळू पडतात म्हणून. पोटऱ्यांत गोळे यायचे. तुला खिडकीतून दिसत होतं ना?”

“टोमासी, मी...”

“तरी गुरुवारी तुला म्हटलं, नको उतरूस. एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणण्याइतका मी चांगला नाही.” त्याने बूट उचलला आणि पुन्हा घासायला लागला.

तेवढ्यात कॉर्विनचा फोन वाजला. आई. तिला उत्तर दिलं नाही तर ती वीस वेळा करते, म्हणून त्याने उचलला, आणि घाईत चुकून आवाज मोठा करायचं बटण दाबलं. खोलीभर तिचा आनंद घुमला.

“पाहिलं रे, पाहिलं! शेवटी तूच होतास! तुझ्या बाबांनी तर खुर्ची पाडली. पाचही सामने खेळलास, पाचही! पंपवाला म्हणतोय, नवीन पाटी करतो.” मग तिने आवाज खाली आणला, पण तो खाली आणलेला आवाजही खोलीभर ऐकू येत होता. “आणि तो तुझ्या खोलीतला मोठा पोरगा? त्याला अजून एकदाही उतरवलं नाही ना? बिचारा. वर्ष फुकट गेलं पोराचं. त्याच्यासमोर फार मिरवू नकोस हं. जपून वाग त्याच्याशी. तुझ्यासारखं नशीब सगळ्यांचं नसतं.”

कॉर्विन आवाजाचं बटण शोधत होता. टोमासी उठला, ओणवा झाला आणि त्याच्या हातातल्या फोनजवळ तोंड नेऊन आदबीने म्हणाला, “नमस्कार, मॅम. टोमासी बोलतोय. काळजी करू नका, मी मजेत आहे.”

“अगं बाई, ऐकलंस का रे सगळं?” आई ओशाळून हसली. “कॉर्विन तुझ्याशी नीट वागतो ना?”

टोमासीने कॉर्विनच्या डोळ्यांत बघितलं. “आम्ही एकाच खोलीत राहतो, मॅम,” तो म्हणाला, आणि बूट घेऊन बाहेर गेला. आई विचारत राहिली, “हॅलो? कॉर्विन? आहेस ना रे?”

“आहे,” कॉर्विन म्हणाला.